चरवीच्या बुडाचं नाव

चरवीच्या काठावर हिरवी कड दिसली आणि मी दचकले. खरं तर दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तान्ह्या पोरीची आई जागी असते तेव्हाही निम्मी झोपेतच असते. घर, माणसं, नळाचं पाणी, मिलचा भोंगा, सगळं तिच्याकडे दुलईतून आल्यासारखं येतं. त्या दिवसांत मी अशीच वावरत होते, घरातही आणि कॉलेजातही, आणि त्या दुलईला पहिलं भोक पाडलं ते या कडेनं. रात्रीचं दूध काठाशी वाळून त्याची खपली झाली होती आणि खपलीच्या कडेला बारीक मोरपंखी रेघ उमटली होती. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू? नंदूला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात तशीच बघत उभी राहिले. भानूवहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी अंगठ्यानं ती रेघ पुसली आणि अंगठा पदराला पुसला. "काय बघून राहिलीस गं एवढं?" म्हटलं, "हिरवं आहे वहिनी. तांब्यानं कळकलंय." त्या हसल्या. "ऐका! ताक कळकतं, चिंच कळकते. दूध कुठे कळकतं? इतकं शिकून आलीस आणि एवढं नाही माहीत?" आणि त्याच चरवीतलं दूध त्यांनी कोमट करून तोटीच्या बोंडल्यात ओतलं, माझ्या खांद्यावरून नंदूला अलगद उचललं आणि मांडी घातली. मला कॉलेजला शिकवायला जायचं होतं. वेणी घालता घालता मी आरशातून त्यांना बघत होते. नंदू बोंडल्याला तोंड लावून चुटुचुटु पीत होती आणि वहिनी तिच्याशी काहीबाही बोलत होत्या, अर्धं मराठी, अर्धं माळवी, आणि त्या बोलण्यात इतकं सुख होतं की मला माझ्याच शंकेची लाज वाटली.

ती चरवी म्हणजे आमच्या घरात साधं भांडं नव्हतं. अप्पासाहेबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांना ती दरबारातून मिळाली होती, कुठल्याशा राजपुत्राच्या बारशाला. शुद्ध तांब्याची, जड, गळ्याशी निमुळती. लोक नाव बाहेर कोरतात, हिच्या मात्र आत, अगदी बुडाला, आजोबांचं नाव आणि खाली बारीक सूर्य. अप्पासाहेब सांगायचे, "नाव मिरवायचं नसतं सूनबाई. दूध संपलं की दिसायला हवं." या घरातलं प्रत्येक मूल वरचं दूध पहिल्यांदा प्यायचं ते याच चरवीतलं, आणि चरवीला कल्हई करायची नाही हा नियम, कारण कल्हईनं अक्षरं भरून येतात. आता ना दरबार राहिला ना मध्यभारत राज्य, राजधानीसुद्धा इथून उचलून भोपाळला नेली. अप्पासाहेब लालबागेच्या मागे, अन्नपूर्णेच्या रस्त्याला बांधलेल्या साध्या विटांच्या घरात आरामखुर्चीवर बसून त्या भोपाळचं नाव आजारी माणसाचं घ्यावं तसं घेत. उरली होती ती चरवी. माझ्या नवऱ्याला, प्रतापरावांना, मी लग्नानंतर एकदा चिडवलं होतं, "तुमच्याकडे तलवारी-बिलवारी असतील म्हणून आले मी, निघाली काय तर दुधाची चरवी!" ते हसले, पण अप्पासाहेबांपुढे हे बोलू नकोस म्हणाले.

वहिनींना दोन मुलं झाली होती. मी या घरात आले तेव्हा ती नव्हती, पण होती असंच घर वागायचं. खुंटीवर एक छोटी जरीची टोपी होती, तिच्यावरची धूळ वहिनी दर शुक्रवारी झटकायच्या. थोरला संताजी, धाकटी गिरिजा. वहिनींना पान्हा फुटलाच नाही, दोन्ही वेळा. शतावरी झाली, खसखशीची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, माहेरच्यांनी नवस केला, पण छाती कोरडी ती कोरडीच. म्हणून ती दोन्ही मुलं पहिल्या दिवसापासून चरवीवर वाढली. आणि दोघांचंही तेच झालं. चालायला लागली, बोलायला लागली, आणि मग पोट मोठं व्हायला लागलं, हातपाय काटक्या, डोळे पिवळे. डॉक्टरांनी लिव्हर म्हटलं, बायकांनी दृष्ट म्हटलं. वहिनींनी स्वतःशी एक उत्तर धरलं होतं आणि ते त्यांनी मला माझ्या बाळंतपणात, माझ्या पाठीला तेल चोळताना सांगितलं, अगदी हळू, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं. "आईच्या दुधाचं मूल आणि वरच्या दुधाचं मूल, फरक पडतोच गं. माझ्या अंगावर दूधच नव्हतं. त्यांनी काय जगावं?" माझा पान्हा तेव्हा असा वाहत होता की चोळी निथळायची, आणि त्यांच्यापुढे मला ते दडवावंसं वाटायचं. नानासाहेबांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, माझ्या थोरल्या दिरांनी, मग घरात फार बोलणंच सोडलं. वहिनींनी मात्र बोलणं सोडलं नाही. त्या सांगायच्या, संताजीला दूध संपवायची कोण घाई! का, तर बुडाचं नाव बघायला. चरवी दोन हातांनी डोक्यावर उलटी धरायचा आणि आत बघून मोठ्यानं खापरपणजोबांचं नाव घ्यायचा, अक्षरं वाचता येत नव्हती तरी. ते ऐकताना मला त्याचा आवाज ऐकू यायचा, तांब्यात घुमणारा. अजूनही कधी कधी दुपारी डोळा लागता लागता येतो.

त्या दिवशी कॉलेजात दुसऱ्या तासाला मी मुलींना प्रॅक्टिकल दाखवत होते आणि खाली अंगणात आयाबाईची नात रडली. परकं मूल, परकं रडणं, पण शरीराला कुठे कळतं परकं आणि आपलं! चर्र झालं आणि पदराखाली ओल पसरली. मुलींना काहीतरी सांगून मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं. रोज मी दूध मोरीत पिळायची, आणि रोज जीव तुटायचा. त्या दिवशी हाताशी स्वच्छ चंचुपात्र होतं, त्यात पिळलं. निळसर, पातळ, कोमट. उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. हेच माझी पोर पिते, या पाण्यासारख्या गोष्टीवर तिच्या मांड्यांना वळ्या पडतात, कमाल आहे! आणि तेव्हाच कपाटातल्या बाटलीकडे लक्ष गेलं. आमचे सर सिमरोलकडच्या विहिरींचं पाणी तपासत होते, कुठे लोह, कुठे तांबं, आणि तांब्यासाठीचं औषध मीच मागच्या महिन्यात तयार केलं होतं. तांब्याचा लेश जरी असला तरी ते पिवळं होतं, जास्त असलं तर तपकिरी. सकाळची हिरवी रेघ डोळ्यांपुढे आली. माझ्या दुधात किती असेल? गवळ्याच्या दुधात? आणि चरवीतल्या? एकदा मनात आलं की ते जाईना.

दुसऱ्या दिवशी मी दोन बाटल्या धुऊन घरी ठेवल्या. एकीत गवळ्याच्या कॅनमधून थेट घेतलं, दुसरीत रात्रभर चरवीत राहिलेलं वहिनींनीच ओतून दिलं. "काय करणार गं याचं?" "जाळून राख करायची. राख ॲसिडमध्ये विरघळवायची आणि मग औषध घालायचं. तांबं असलं तर रंग येतो." "म्हणजे सरकार पगार देतं आणि तुम्ही तिथे होळी खेळता!" असं म्हणून त्यांनी बाटलीचं बूच घट्ट बसवलं, सांडू नये म्हणून वरून फडकं बांधलं. त्यांच्या हाताची ती गाठ मला प्रयोगशाळेत सुटता सुटेना.

दूध आटलं, काळं पडलं, मुशीत जळून पांढरी राख झाली. तिन्ही दुधांची राख सारखीच दिसते. आईची कुठली आणि गाईची कुठली, सांगता येत नाही. मग एकेका नळीत औषधाचे थेंब टाकले. माझ्या दुधाला गव्हाच्या काडीसारखा फिका रंग आला, आहे म्हटलं तर आहे. गवळ्याचं त्याहूनही फिकं. चरवीचं दूध बिनदुधाच्या चहासारखं झालं. मी नळी हलवली, रंग हलला, कमी झाला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात तो रंग इतका उबदार, इतका आपलासा दिसत होता, की भीती वाटायला मला थोडा वेळ लागला. मग पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं की तांबं रक्ताला लागतं. मूल पोटातून येतानाच आपल्या यकृतात तांब्याची शिदोरी भरून आणतं, आणि म्हणूनच आईच्या दुधात ते थोडंसं असलं तरी भागतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. शिदोरी भरलेली आहे. मग त्यावर रोज, दिवसातून कितीदा तरी, आणखी भरत गेलं तर? इतक्याशा यकृतात ते ठेवायचं कुठे? याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. सरांना विचारलं, त्यांनी चष्मा वर केला, "इंटरेस्टिंग!" म्हणाले आणि पुन्हा सिमरोलच्या विहिरीत उतरले. मी नळी धुतली. रंग मोरीत गेला. पण डोळ्यांपुढे संताजी चरवी उलटी धरून उभा होता, शेवटचा थेंब जिभेवर घेत, आत बघत.

संध्याकाळी प्रतापरावांबरोबर लालबागेच्या कडेकडेनं चालत गेले. महालाच्या फाटकाशी एक मोरी वाहत होती, झाडांवर पोपट कलकलत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. हे मिलच्या ऑफिसात बसतात, त्यांना कागद लागतो. "लिहिलंय कुठे की याने मूल मरतं?" "नाही." "अप्पा रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी मुद्दाम पितात. ठणठणीत आहेत ना?" "अप्पा तान्हे नाहीत." "मी आणि नाना याच चरवीवर वाढलो." "सासूबाईंनी तुम्हाला तीन-तीन वर्षं अंगावर पाजलं. चरवी म्हणजे नैवेद्यापुरती." ते थांबले. मग आम्ही घराकडे वळलो आणि माझी छाती भरून दुखायला लागली, नंदूची वेळ झाली होती. तेव्हा ते एकदम म्हणाले, "बरं, असेल तुझं खरं. वहिनींना सांगशील? तुम्ही तुमच्या हातानं पाजलंत म्हणून सांगशील?" इतका वेळ मी नंदूचाच विचार करत होते, हो, आई स्वार्थी असते. आता पुढे वहिनींचा तो अंगठा आला, हिरवी रेघ पुसणारा. आपल्या अंगावर दूध नव्हतं म्हणून मुलं गेली, हे दुःख उराशी धरून त्या इतकी वर्षं जगल्या होत्या. ते चुकीचं होतं, पण त्यात त्यांचा हात नव्हता. ते काढून मी त्यांना काय देणार होते? आणि नाही दिलं तर उद्या सकाळी चरवी पुन्हा चुलीवर चढणार, पुन्हा बोंडलं, पुन्हा चुटुचुटु. घरी पोचलो तेव्हा वहिनी नंदूला झुलवत होत्या. "आली बघ तुझी दुभती," म्हणाल्या. मी तिला घेतलं आणि एवढं घट्ट धरलं की ती रडली.

त्या रविवारी रस्त्यावर आरोळी आली, "कलई करा लो, बर्तन कलई!" वहिनी नंदूला न्हाऊ घालत होत्या, अप्पासाहेब देवळात गेले होते. मी विचार केला असं नाही म्हणता येणार. हात गेला, चरवी उचलली गेली, मी फाटकाबाहेर. कल्हईवाल्यानं चरवी हातात फिरवली, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाईजी, अंदर तो नाम खुदा है. भर जाएगा." म्हटलं, "भरने दो." "फिर मत बोलना हां, पहले बताया नहीं." भाता हलला, निखारे लाल झाले. चरवी तापून काळवंडली, मग त्यानं नवसागराची चिमूट टाकली आणि पांढरा धूर असा उठला की मला तो, भट्टी, रस्ता, काहीच दिसेना. त्या धुरात मला वाटलं मी स्वप्नातच आहे, आणि जागी होईन तेव्हा चरवी फळीवर असेल, नंदू पोटात असेल, संताजी शाळेत गेला असेल. धूर निवळला. कथलाची कांडी आत टेकली, कापसाचा बोळा गरगर फिरला आणि तांबं झाकत रुपेरी पाणी बुडावरून वाहत गेलं. आधी सूर्य गेला. मग नावाची अक्षरं एकेक करून उजळली, भरली आणि नाहीशी झाली. आत माझाच चेहरा दिसायला लागला, रुंद, वेडावाकडा.

अप्पासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चरवी खिडकीपाशी नेली, उन्हात तिरपी धरली, फिरवली, पुन्हा तिरपी धरली. नाव कुठे दिसतंय का बघत होते. "कुणाला विचारलंत सूनबाई?" "कुणालाच नाही. हौस वाटली अप्पा. चकचकीत दिसते ना?" "हौस!" एवढंच म्हणाले. नानासाहेब उठून बाहेर गेले. प्रतापराव माझ्याकडे बघेनात. त्या दिवसापासून अप्पासाहेबांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. त्यांचंही वाईट वाटत होतं हो, राज्य गेलं, राजधानी गेली, आणि आता सुनेनं हौसेखातर आजाही पुसला! शेजारच्या द्वारकाबाईंपर्यंत गोष्ट गेली आणि "एम.एस्सी. सून" असा शब्द भिंतीपलीकडून ऐकू आला. मी म्हटलं, म्हणू देत. माझ्यावरच येऊ दे सगळं, मी मूर्ख, मी उर्मट, मी नखरेल. फक्त कुणी 'का' विचारू नका.

वहिनींनीही विचारलं नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारची वेळ, घर निजलेलं, नंदू पाळण्यात मुठी चोखत होती. मी स्वयंपाकघरात गेले तर वहिनी चरवी पुढ्यात घेऊन जमिनीवर बसलेल्या, आत बघत. मी परतणार तोच म्हणाल्या, "पद्मजा, रंग आला होता ना गं?"

"कसला रंग वहिनी?"

"बाटल्या नेल्या होत्यास ना. मीच बूच लावून दिलं होतं."

"छे. काही नाही आला."

"मग कल्हई कशाला केलीस?"

हौस हा शब्द ओठांवर होता. अप्पासाहेबांना सांगितला, जगाला सांगितला, पण वहिनींच्या तोंडाकडे बघून तो निघेना. त्या बोटानं चरवीचं बूड चाचपत होत्या, जिथे अक्षरं होती तिथे. "माझ्या अंगावर दूध नव्हतं म्हणून ती गेली, असं मी धरून बसले होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे जे कमी पडलं त्यानं नाही. मी दिलं, त्यानं."

मी त्यांच्याजवळ धप्पकन बसले. "वहिनी, कसम से सांगते, कुणालाच माहीत नाही. पुस्तकात नाही, सरांना नाही, मलाही नाही. नुसता रंग आला. रंगावरून कुणी काही नाही सांगू शकत."

"म्हणजे आला."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता, राखेनं खरखरीत झालेला. त्या रडल्या नाहीत, मीच रडत होते, आणि तेवढ्यात पाळण्यातून नंदूनं सूर लावला. चोळी भिजली. वहिनी उठल्या, चरवी उचलली आणि सगळ्यात वरच्या फळीवर, हात पुरेना तरी टाचा उंचावून, पालथी घालून ठेवली. खालच्या फळीवरची चिनी मातीची बरणी काढून धुतली, पुसली, वासासाठी नाकाशी धरली. "वरचं दूध आता यात ठेवत जाईन. अप्पांना मी सांगते, चरवीला चीर गेलीय म्हणून." मग त्या पाळण्याकडे गेल्या. नंदूला उचललं, क्षणभर आपल्या छातीशी धरलं, तिचं डोकं हुंगलं. मला वाटलं आता देणारच नाहीत, आणि न द्यावी असंही वाटलं. पण त्यांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं. "घे, पाज आधी. केव्हाची मुठी चोखून राहिलीय."

नंदूनं तोंड लावलं आणि पान्हा असा आला की ती ठसकली. दुपारचं ऊन जाळीतून आमच्यावर पडलं होतं, बाहेर कुणाचा तरी टांगा गेला. वहिनी माझ्या शेजारी टेकून बसल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास माझ्या दंडाला लागत होता. किती तरी वेळ त्या माझ्या छातीकडे आणि पोरीच्या हलणाऱ्या गालाकडे बघत होत्या.

"आधी का नाही आलीस गं तू या घरात?" त्या म्हणाल्या, आणि नंदूच्या पाठीवर थोपटत राहिल्या.